फोनताई

तृप्ती साळवे, इयत्ता पाचवी, भांडुपच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका मुलींच्या वसतिगृहात राहणारी, हिच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते. मी नववीत होते त्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपवून मुली परत आल्या त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा ते पावणेअकराच्या मध्ये. कोणी केला? रेक्टरबाईंनी केला, संस्थेनं केला आणि मी केला. यातलं शेवटचं नाव पत्रकात कधी येत नाही. गेली काही वर्षं मी वसतिगृहांबद्दल पत्रकं लिहिते, स्टेशनबाहेर वाटते, कार्यालयांच्या दारांवर चिकटवते. पत्रकात ‘प्रशासनाचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं की काम भागतं. म्हणून हे पत्रक नाही. तृप्तीचं नाव मी तिला विचारून लिहितेय. ती म्हणाली, “टाकायचं तर खरं टाक, नाहीतर लिहूच नकोस.” वसतिगृहाचं नाव मात्र मुद्दाम टाकत नाही. नाव टाकलं की वाचणारा सुटतो. म्हणतो, ते तसलं असेल, आमच्या ओळखीचं आहे ते चांगलं आहे.

आम्ही मानखुर्दला राहायचो, झोपडीच्या बदल्यात मिळालेल्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. लिफ्ट होती, चालत नव्हती. वडील गेल्यावर आई घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात आया म्हणून लागली. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. मी सातवीत गेले आणि जिन्यात बसणारे टपोरी मला नावानं हाक मारायला लागले, तेव्हा आईनं मामाला बोलावून घेतलं. मामा मराठवाड्यातल्या एका बोर्डिंगात राहून शिकलेला, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तो चहाचा कप हातात धरून म्हणाला, “अगं ताई, विचार कसला करतेस? आपली माणसं साहेब झाली ती कुठून? बोर्डिंगातून. घरात दिवा नव्हता, बोर्डिंगात होता.” आई म्हणाली, “ते खरं रे, पण पोर एकटी पडेल ना.” मामा म्हणाला, “एकटी? तिथं चाळीस पोरी असतात. एकटी ती इथं आहे.” मामा खोटं बोलत नव्हता. आमच्या बौद्ध वस्तीत बोर्डिंग हा शब्द विहार या शब्दाच्याच आवाजात उच्चारला जायचा. आपल्या मुलांना कोणी शाळेत घेत नव्हतं, गावात कोणी खोली देत नव्हतं, तेव्हा कोणाकोणाच्या पदराला खार लावून ही वसतिगृहं उभी राहिली, हे मला पाठ होतं. म्हणूनच मी आजही वसतिगृहं बंद करा असं म्हणत नाही. मला राग येतो तो याचा, की एवढ्या कष्टानं उभी केलेली गोष्ट कोणाच्या हातात दिली, हे कोणी वळून बघितलं नाही.

हॉल एकच होता, लांबडा, वर पत्रा. दुमजली लोखंडी खाटांच्या चार रांगा. नवीन मुली वर, जुन्या खाली, कारण वर पत्र्याची धग लागायची. प्रत्येकीची एक ट्रंक खाटेखाली. सकाळी साडेपाचला एक लोखंडी पट्टी दुसरीवर आपटायचे, तो आवाज अजून मला दुसऱ्या कुठल्या आवाजात ऐकू आला की माझा हात आधी बादलीकडे जातो. सगळ्या मुंबईचं पाणी भांडुपला शुद्ध होतं म्हणतात. आमच्या नळाला ते सकाळी तासभर यायचं. कपडे दोरीवर घालायचे, पण चड्ड्या ओढणीखाली झाकून घालायच्या, कारण ट्रस्टी कधीही येतील आणि त्यांना ते दिसायला नको. झाकलेलं कापड वाळत नाही. दमट चड्ड्या घालून आम्ही शाळेत जायचो आणि बाकावर बसून मांड्या खाजवायचो. अंडं मिळायचं नाही, देणगीदारांना चालत नसे. डाळ इतकी पातळ, की ताटाच्या तळाला भोक असतं तर डाळीतूनही दिसलं असतं. स्वयंपाकाला सुलभामावशी होत्या, मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी गेल्यावर मावशींनी हातात झारा घेतला. त्या आपल्या डब्यातून सुकटीची चटणी आणायच्या आणि भांडी घासायला बसलेल्या मुलींच्या तळहातावर चिमूटभर ठेवायच्या. “खावा गो गुपचूप. वास इलो तर माझी नोकरी जातली.” त्या चटणीसाठी आम्ही भांडी घासायला भांडायचो.

रविवारी सकाळी दहा ते बारा फोन. आई-बापांनी आपापल्या वेळेला फोन करायचा, प्रत्येकीला तीन मिनिटं. फोन रेक्टरबाईंचा, त्यांच्याच टेबलावर, एका उपड्या स्टीलच्या वाटीवर टेकवलेला, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि स्पीकरवर. बाई खुर्चीत पेपर वाचत बसायच्या. टेबलाजवळ एक मोठी मुलगी उभी असायची, तिला फोनताई म्हणायचे. मुलीला हाक मारायची, फोन उचलायचा, वेळ बघायची. आणि खरं काम हे, की मुलगी रडायला लागली, किंवा भलतंच काही सांगायला लागली, की अंगठ्यानं लाल बटण दाबायचं. मग पलीकडून परत फोन आला की फोनताईनं गोड आवाजात सांगायचं, “काकू, रेंज गेली. इथं डोंगर आहे ना. ती मजेत आहे, जेवली.” त्या डोंगराला आम्ही इतकं बदनाम केलं, की आज तिथून जाताना मला त्या बिचाऱ्याची माफी मागावीशी वाटते. आठवीच्या शेवटी बाईंनी मला फोनताई केलं. माझा आवाज खात्रीचा वाटतो, असं त्या म्हणाल्या. त्याच्या बदल्यात मला ऑफिसच्या शेजारच्या खोलीत पंख्याखाली अभ्यासाला बसायला मिळायचं, आणि माझ्या आईचा फोन सगळ्यात शेवटी, वेळेचं बंधन नाही. मी या कामात झकास होते. मला मुलीच्या हनुवटीवरून कळायचं, आता फुटणार. ती फुटायच्या आत मी दाबलेलं असायचं.

बाई राक्षसीण नव्हत्या. तशा असत्या तर लिहायला सोपं गेलं असतं. एकदा मी विचारलं होतं, “बाई, बोलू दिलं तर काय होतं?” त्यांनी पेपर खाली ठेवला. “एक रडली की चाळीस रडतात. मग आया येतात, पोरी घेऊन जातात. आणि दोन वर्षांनी मला पत्रिका येते, लग्नाची. सोळा वर्षांची नवरी. तुला पाहिजे तसं?” मग म्हणाल्या, “आमच्या वेळी बोर्डिंगात फोन कुठला. पत्र लिहायचो, तेही फळ्यावरून उतरवून. ‘मी खुशाल आहे.’ सगळ्या पोरी खुशाल. मेलो का काय आम्ही?” पुढे मी पत्रकांसाठी वाचायला लागले तेव्हा तो फळा मला जगभर भेटला. अमेरिका-कॅनडातल्या आदिवासी मुलांना घरातून उचलून दूरच्या शाळांत ठेवलं, केस कापले, आईची भाषा बोलले म्हणून मारलं. इंग्लंडातल्या श्रीमंतांनी आपली सात-आठ वर्षांची पोरं हौसेनं बोर्डिंगात घातली आणि तिथंही मास्तरांच्या नजरेखालून गेलेली पत्रं घरी जायची. कुठं जबरदस्ती, कुठं हौस, कुठं आमच्यासारखी गरज. पण आई आणि मूल यांच्या मधे एक माणूस बसवायचा, ही युक्ती सगळ्यांना सुचली. आमच्याकडे तो माणूस मी होते, चौदा वर्षांची, दोन वेण्या घातलेली.

तृप्ती बुलढाण्याकडच्या एका गावची. तिची आई गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. तृप्ती बारीक, काळीसावळी, प्रश्न विचारणारी. “शीतलताई, डोंगराच्या पलीकडं काय आहे?” “बोरीवली.” “आणि बोरीवलीच्या पलीकडं?” “समुद्र. जा झोप आता.” दिवाळीहून ती सर्दी घेऊन आली आणि तिचा डावा कान दुखायला लागला. दुपारी सगळ्या अभ्यासाला बसलेल्या असायच्या तेव्हा ती खाटेखाली सरकून ट्रंकेच्या थंड पत्र्याला कान लावून पडायची. मी दोनदा तिला पाय धरून बाहेर ओढलं, नाटकं करू नकोस म्हणाले. मग उशीवर पिवळा डाग दिसला. सुलभामावशींनी तिची मान वाकडी करून वास घेतला आणि हातातलं पीठ तसंच घेऊन ऑफिसात गेल्या. “बाई, ह्या चेडवाच्या कानातसून पू येता. डॉक्टराक दाखवूक होया.” बाई म्हणाल्या, “डॉक्टर तिसऱ्या शनिवारी येणारच आहेत. तोवर लसूण घालून तेल कोमट करा आणि सोडा. माझ्या आईनं आम्हा सगळ्यांना तेच केलं.” मावशींनी तेल सोडलं, कापसाचा बोळा घातला. तेल घालायला नको होतं, हे मावशींना आणि मला नंतर डॉक्टरांनी ओरडून सांगितलं.

तो रविवार वाढदिवसाचा होता. म्हणजे आमच्यापैकी कोणाचा नाही. मुलुंडच्या एका सोसायटीतलं कुटुंब आपल्या मुलाचा वाढदिवस आमच्यात साजरा करायला येणार होतं. असे लोक महिन्यातून दोनदा तरी यायचे. आम्ही रांगेत बसून त्यांच्या मुलाचं नाव घालून गाणं म्हणायचो आणि त्याच्या हातून घास घ्यायचो. त्या दिवशी ते लवकरच आले. हॉलमध्ये फुगे लागत होते आणि इकडे ऑफिसात फोन चालू होते, मधे फक्त एक पडदा. बाई मला हळूच म्हणाल्या, “शीतल, आज पाहुणे आहेत. रडारड अजिबात नको.” मी मान हलवली. नऊ-दहा फोन नीट पार पडले. मग तृप्तीच्या आईचा आला.

“तृप्ते, जेवलीस का माय?”

“नाही अजून. आज पुऱ्या हायेत. आन् श्रीखंड.”

“पुऱ्यात रवा घालतात का गं तुमच्या मावशी? नाहीतं मग त्या नरम पडतात.”

“इचारते.” तृप्ती हसली. खरंच हसली. मग वाटीवरच्या फोनकडे वाकून, अगदी नेहमीच्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाली, “आई, माह्या कानातून ना—”

मी दाबलं.

बाईंनी पेपरातून डोकं वर केलं नाही. तृप्ती माझ्याकडे बघत होती, आणि फोन पुन्हा वाजला. मी उचलला. “काकू, रेंज गेली. इथं डोंगर आहे ना.” पलीकडून घाईघाईत आवाज आला, “हो का बाई. ती कानाचं काय म्हणत होती?” मी म्हणाले, “कानातलं हरवलंय तिचं, म्हणून. बाकी मजेत आहे.” हे मला कोणी शिकवलं नव्हतं. रेंज शिकवली होती. कानातलं माझं स्वतःचं. काकू सुटल्यासारख्या हसल्या. “जाऊ दे म्हणा, दुसरं घेऊ. तू मोठी हायेस नं तिथं? लक्ष ठेव बाई तिच्यावर.” मी हो म्हणाले. बाई म्हणाल्या, “पुढची.”

मग पंगत बसली. वाढदिवसवाल्या मुलाची आई वाढत वाढत तृप्तीपाशी आली. चांगली बाई होती, हे मी आजही म्हणते. तिनं एकेका मुलीचं नाव विचारलं होतं. तिनं नवऱ्याला फोटो काढायला बोलावलं, तृप्तीची हनुवटी उचलली आणि म्हणाली, “बेटा, तो कापूस काढ ना जरा, फोटोत दिसतोय.” तृप्तीनं बोळा काढला. तो ओला होता, त्याला वास येत होता. तिनं तो मुठीत धरला आणि दुसऱ्या हातानं श्रीखंडाचा घास घेतला. फोटो निघाला. त्या मुलाच्या आईच्या नाकापर्यंत वास गेला असणार, कारण ती क्षणभर मागे सरकली. तिनं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी पुऱ्या वाढत होते.

पुढच्या रविवारी काकूंचा फोन आलाच नाही. त्यानंतरच्या मंगळवारी शाळेत प्रार्थनेला उभी असताना तृप्ती तिरकी चालत भिंतीला धडकली आणि पडली. कानामागे लिंबाएवढी सूज होती, अंग तापलेलं. शाळेतल्या वर्गशिक्षिकेनं कोणाला न विचारता रिक्षा केली आणि तिला महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. इन्फेक्शन कानामागच्या हाडात शिरलं होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, डावा कान गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मला तृप्तीचे कपडे घेऊन मावशींबरोबर पाठवलं. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर एक बाई बसली होती, पायात रबरी चपला, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी. माझा आवाज ऐकून तिनं वर बघितलं. “तूच का शीतल? आवाजावरून वळखलं. बरं झालं तू होतीस, नाहीतं एकटी पडली असती माही पोर.” आणि तिनं माझा हात धरला, उजवा. मी तो सोडवून घेऊ शकले नाही. मी म्हणाले, “काकू, त्या दिवशी रेंज गेली नव्हती.”

“मंग?”

“मी कट केला. ती कानाचंच सांगत होती. कानातलं हरवलं नव्हतं.”

काकूंनी मावशींकडे बघितलं. मावशी जमिनीकडे बघत होत्या. “का केलं?”

“कोणी रडलं की कट करायचा, असं आहे आमच्याकडे.”

“ते रडत होती?”

“नाही.”

“मंग?”

 काकूंनी माझा हात सोडला, झटकला नाही, नुसता आपल्या मांडीवरून उचलून बाकड्यावर ठेवला. मग त्या माझ्याशी नाही, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, “मला वाटलं आमच्याच गावची रेंज गेली. म्हणून पुढच्या रविवारी मी टेकाडावर गेले, तिथं चांगली लागते म्हणतात. तिथं तं लागलाच नाही फोन. दुपारपर्यंत हिंडत होते मी हातात धरून.” मावशी एकदम रडायला लागल्या, मोठ्यानं, आणि नर्सनं येऊन आम्हाला तिघींना गप्प केलं.

काकू तृप्तीला घेऊन गेल्या. संस्थेनं चौकशी केली. एका ट्रस्टींनी मला समोर बसवून बिस्किट दिलं आणि म्हणाले, “बाळ, मनाला लावून घेऊ नकोस, तू अभ्यासात हुशार आहेस.” चौकशीचा निकाल असा, की फोनमुळे मुलींचं मन विचलित होतं, तेव्हा यापुढे फोन दर पंधरा दिवसांनी. पहिल्या रविवारी मी सगळ्यात शेवटी माझ्या आईला स्पीकरवर, बाईंच्या समोर, सगळं सांगितलं. माझा फोन कट करणारी तिथं कोणी नव्हती. आईनं तृप्ती कशी आहे ते विचारलं. मग म्हणाली, “आता दीडच वर्ष राहिलंय बाळा. दहावी कर तिथूनच. घरी आणून काय करू मी तुझं?” मी राहिले. मी फोनताईचं काम सोडलं, एवढीच माझी क्रांती. पुढच्या फोनच्या रविवारी दुसरी मुलगी टेबलाजवळ उभी राहायला शिकत होती, आणि पंख्याखालच्या खोलीत तिची पुस्तकं होती.

तृप्ती आता तालुक्याच्या गावी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. डावी बाजू भिंतीला लावून बसते, म्हणजे येणारा माणूस उजवीकडूनच येतो. तिचं सोळाव्या वर्षी लग्न झालं नाही. बाईंची ती भीती तरी तिच्या बाबतीत खोटी ठरली. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. चहा पिताना ती म्हणाली, “मी तुझा अंगठा बघितला होता ना.” मी कप खाली ठेवला. मी विचारलं, “मग नंतर कधी आईला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “मला वाटलं, तेवढंच बोलायचं असतं. कानापर्यंत आलं की बंद होतं.”

आता तुम्ही. बोरीवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, जिथं कुठं राहता तिथं जवळ एक वसतिगृह आहे, आणि तुम्ही पोराच्या वाढदिवसाला, आई-वडिलांच्या वर्षश्राद्धाला तिथं जेवण देता. द्या. पण पुढच्या खेपेला केक नेऊ नका. स्वतःचा मोबाइल घेऊन जा. कुठल्याही एका मुलीला म्हणा, घरचा नंबर सांग. नंबर लावा, स्पीकर बंद करा, फोन तिच्या हातात द्या आणि खोलीतून बाहेर पडा. रेक्टरला बाहेर काढा. मदतीला म्हणून उभ्या असलेल्या मोठ्या मुलीलाही बाहेर काढा. ट्रस्टी नियम दाखवतील. नियम लेखी मागा, आणि लेखी मिळेपर्यंत दारात बसा, जेवण गार झालं तरी बसा. आत ती रडली तर रडू द्या. तिचं बोलणं संपलं की ती स्वतः दार उघडेल. तोपर्यंत दाराला हात लावायचा नाही, तुम्हीही नाही.